आग विझवायला वर्षाची वर्गणी? (सल्ला हवा आहे)

टेनेसीकर

मंडळी, तीन महिन्यांपूर्वी नॉक्सव्हिलमधलं घर विकून आम्ही तासभर लांब, शहराच्या हद्दीबाहेर घर घेतलं. पाच एकर जागा, मागे ओढा, समोर शेजाऱ्याच्या गाई. पाणी विहिरीचं, कचरा आपला आपण नेऊन टाकायचा, हे सगळं माहीत होतं. आगीचा विचार मात्र डोक्यात आलाच नव्हता.

गेल्या आठवड्यात पोस्टानं एक पिवळा कागद आला. गावच्या व्हॉलंटियर फायर डिपार्टमेंटचा, म्हणजे स्वयंसेवकांच्या अग्निशमन दलाचा. वर्षाची वर्गणी 110 डॉलर, सोबत परतीचं पाकीट, आणि खाली पेनानं लिहिलेलं ‘वेलकम नेबर’. मला वाटलं देणगी मागताहेत. कागद फ्रिजवर लावला आणि विसरलो. परवा शेजारचे आजोबा कुंपणाशी भेटले, त्यांना सहज सांगितलं, तर म्हणाले, ‘ते आधी भर, बाकीची बिलं नंतर.’ वर्गणी न भरणाऱ्याच्या घरीही बंब येतो, पण मागाहून तासाच्या हिशेबानं बिल येतं म्हणे.

आता खरा प्रश्न. अर्ध्याहून जास्त घरं वर्गणी भरतच नाहीत, म्हणून ही ऐच्छिक वर्गणी बंद करून दर घरामागे सक्तीची ‘फायर फी’ लावायची आणि ती प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातच घ्यायची, असा प्रस्ताव काउंटी कमिशनपुढे (आपल्या जिल्हा परिषदेसारखं) आहे. तीन आठवड्यांनी जाहीर सभा आहे. आजोबांचा सक्तीला कडाडून विरोध, माझा कल सक्तीकडे. पण मी इथे कालचा आलेला. सभेत बोलावं की गप्प बसावं? आणि आग विझवण्यासारखी गोष्ट अमेरिकेत वर्गणीवर चालते, हे नॉर्मल आहे का?

भोचक भवानी

गणपतीची वर्गणी न भरणाऱ्याच्या दारावरून मिरवणूक जाताना ढोल जरा जास्त वाजतो. तुमच्याकडे निदान बिल तरी येतं. भरून टाका हो.

खवट बदाम

पाच एकर घेतलेत आणि 110 डॉलरसाठी धागा काढलात? :)

टेनेसीकर

@खवट बदाम, 110 मी भरणारच आहे. प्रश्न तत्त्वाचा आहे. (आमची ही म्हणते, तत्त्वाचा प्रश्न निघाला की समजावं, पैसे द्यायचे जिवावर आलंय.)

हिशेबनीस

टेनेसीत राहून हा प्रश्न विचारताय आणि साउथ फुल्टन कुणी आठवत नाही म्हणजे कमाल आहे. तुमच्याच राज्याची पश्चिम बाजू, ओबायन काउंटी. काउंटीचं स्वतःचं अग्निशमन दल नव्हतं. शेजारच्या साउथ फुल्टन शहराचं दल ग्रामीण भागाला सेवा द्यायचं, वर्षाला 75 डॉलर भरले तर. सप्टेंबर 2010 मध्ये एका घराला आग लागली. पिंपात कचरा जाळताना ती पसरली होती. घरमालकाची त्या वर्षीची फी भरायची राहून गेली होती. तो फोनवर सांगत होता, लागेल ते देतो, या. दल आलं ते शेजाऱ्याच्या शेताला झळ लागली तेव्हा, कारण शेजाऱ्यानं फी भरलेली होती. शेजाऱ्याची हद्द भिजवली आणि घर जळताना बघत उभे राहिले. तीन कुत्रे आणि एक मांजर आत जळून मेली.

देशभर आरडाओरडा झाला. तरी नियम तसाच राहिला आणि 2011 च्या डिसेंबरात तिथेच पुन्हा एक घर तसंच जळालं. त्यानंतर नियम बदलला: न भरणाऱ्याकडेही जायचं, पण साडेतीन हजार डॉलर घ्यायचे. तुमच्याकडचं ‘मागाहून बिल’ त्याच जातीचं.

मुक्तबाजारी

आणि मला विचाराल तर दलाचं पहिल्या वेळेलाही बरोबरच होतं. आग लागल्यावर 75 डॉलर घ्यायचे ठरवले तर आधी कोण भरेल? अपघात झाल्यावर गाडीचा विमा काढता येतो का? सगळे तसंच करतील, आणि पुढच्या वर्षी बंबात डिझेल घालायला पैसे नसतील. ऐच्छिक म्हणजे ऐच्छिक, त्याचे परिणामही आपलेच.

भोचक भवानी

@मुक्तबाजारी, मांजरानं फी भरली नव्हती हे खरंच.

अर्धवट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कुणी सक्तीवाले, कुणी ऐच्छिकवाले, आपापल्या बाजूला बसून घ्या.

पेजरवाला

उशिरा आलो, पण हा धागा माझाच आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात सहा वर्षं व्हॉलंटियर फायरफायटर आहे. दिवसा सॉफ्टवेअर, मंगळवारी रात्री ड्रिल. इथे पडतात ते गैरसमज एकेक करून काढतो.

हे नॉर्मल आहे का? हो, अगदी. 2020 च्या आकड्यांनुसार या देशातल्या साधारण साडेदहा लाख फायरफायटरांपैकी 6 लाख 77 हजार, म्हणजे 65 टक्के, बिनपगारी आहेत. सिनेमात दिसतात ते मोठ्या शहरांतले. आमच्यासारख्या गावांत रात्री दोनला पेजर वाजला की सुतार, शाळेतला शिपाई, दूधवाला शेतकरी आणि एक मराठी माणूस पायजम्यावर बूट चढवून पळतात.

आता पैसे. अंगावरचा एक सूट, हेल्मेट-बूट धरून, तीन ते पाच हजार डॉलर, आणि दहा वर्षांनी तो बाद करावा लागतो, दिसायला कितीही चांगला असो. पाठीवरचा हवेचा सिलिंडर-मास्कचा संच त्याहून महाग. नवा बंब घ्यायचा तर आता दहा लाख डॉलरच्या घरात जातो आणि ऑर्डर दिल्यावर काही वर्षं थांबायचं. हे पैसे कुठून? थोडे टाउनशिप (आमची ग्रामपंचायत समजा) देते. आमच्या राज्यात बाहेरच्या राज्यातल्या विमा कंपन्यांच्या आगीच्या प्रीमियमवर 2 टक्के कर आहे, तो स्वयंसेवक दलांच्या मदतनिधीत येतो, पण त्यातून प्रशिक्षण, सुरक्षा साहित्य असलं ठरावीकच घेता येतं. केंद्राचं अनुदान 2001 पासून आहे, त्याचा अर्ज भरणं हीच एक वेगळी आग. उरलेलं बिंगो, पॅनकेकची न्याहारी आणि चिकन बार्बेक्यू. उन्हाळ्यात पहाटे चारला हॉलच्या मागे विटांच्या लांबलचक चुलीत कोळसे पेटवतो आणि दुपारपर्यंत अर्धी अर्धी कोंबडी विकतो. आग विझवायला पैसे हवेत म्हणून आधी आग लावायची. माझ्याकडे उलटायचं काम असतं. लोखंडी जाळ्यांमध्ये वीसेक तुकडे एकदम दाबून दोघांनी दोन बाजूंनी धरून पालटायचे. पहिल्या वर्षी माझ्या बाजूची कडी सुटली होती. अजून ऐकवतात.

तेव्हा टेनेसीकर, 110 डॉलर म्हणजे तुमच्या दलाच्या चीफला (प्रमुखाला) तेवढ्या कमी कोंबड्या भाजायच्या आहेत. आजच भरा.

कविता_के

पेजरवाला, भारी! अशा आगी किती लागतात महिन्याला? आणि भीती नाही वाटत?

पेजरवाला

@कविता_के, हसाल, पण आगी फारच कमी. देशभरात दलांना येणाऱ्या फोनपैकी आगीचे चार टक्क्यांच्या आसपास, निम्म्याहून कितीतरी जास्त वैद्यकीय. आजी बाथरूममध्ये पडल्या, त्यांना उचला. गाडी खड्ड्यात गेली. गेल्या महिन्यात मी एकदाही होज (पाण्याचा पाइप) धरला नाही, पण एकाच आजोबांना तीनदा उचलून खुर्चीत बसवलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझं नाव बरोबर उच्चारलं.

भीतीचं सांगतो. माझी पहिली मोठी आग गोठ्याची होती, जानेवारीत. गावात हायड्रंट (बंबाला पाणी देणारे रस्त्यावरचे नळ) नाहीत. मग टँकरच्या फेऱ्या. रस्त्यावर मुलांच्या पोहण्याच्या टाकीसारखी एक घडीची टाकी उघडतात, टँकर त्यात पाणी ओततो आणि ओढ्याकडे पळतो, पुढचा येतो, बंब त्या टाकीतून पाणी ओढतो. पाणी तुटलं की आत होजवर असलेल्या माणसाचं काय होईल ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणून त्या टाकीपाशी कुणी बोलत नाही. मी नवा, मला तिथे उभं केलं होतं. पातळी खाली गेली की ओरडायचं, एवढंच काम. हातमोजे ओले होऊन गोठले आणि बोटं उघडेनात. तीन तास मी फक्त पाण्याकडे बघत होतो. गोठा गेला, घर वाचलं, गाई आधीच बाहेर काढल्या होत्या.

नियम बाय नियम

विम्याचं मी सांगते, माझं तेच काम आहे (ओहायो).

टेनेसीकर, घराची पॉलिसी काढताना ‘प्रोटेक्शन क्लास’ असा काहीतरी आकडा होता का, बघा. आयएसओ नावाची, विमा कंपन्यांना माहिती पुरवणारी संस्था प्रत्येक भागातल्या अग्निशमन सेवेला 1 ते 10 गुण देते. 1 सर्वोत्तम, 10 म्हणजे मान्य अशी काही सेवाच नाही. साधारण असं की रस्त्यानं पाच मैलांच्या आत फायर स्टेशन नसेल तर तुम्ही 10 मध्ये जाता, मग स्टेशन कितीही भारी असो. हायड्रंट हजार फुटांच्या आत असला तर आणखी बरं. 10 मधल्या घराला काही कंपन्या विमाच देत नाहीत, देतात त्या भरपूर घेतात. म्हणजे दल बंद पडलं तर 110 वाचतील आणि प्रीमियममध्ये त्याच्या कितीतरी पट जातील. आजोबांना हे सांगून बघा, तत्त्व थोडं मऊ होतं.

दुसरं, बऱ्याच घराच्या पॉलिसीत ‘फायर डिपार्टमेंट सर्व्हिस चार्ज’ असं एक कलम असतं, सहसा 500 डॉलरपर्यंत. मागाहून येणाऱ्या बिलातले तेवढे मिळू शकतात. पण बिल काही हजारांचं आलं तर उरलेले खिशातून. तेव्हा ‘बिल विमा भरेल’ या भरवशावर राहू नका.

टेनेसीकर

@नियम बाय नियम, आत्ता कागद काढून बघितला. 9 आहे. स्टेशन 4.6 मैल. म्हणजे थोडक्यात वाचलो.

शिरोळचा ऊसवाला

वाचतोय सकाळपासून. तुमचं बरं आहे, वर्गणी द्यावी का नाही यावर चर्चा करताय. आमच्याकडे वर्गणी नाही, कारण बंबच नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या शिवारात ऊस पेटला. पाचट वाळलेलं, तारा घासून ठिणगी पडली, वारं होतं. पंचायतीकडे बंब नाही. फोन केला नगरपालिकेला, फोन केला साखर कारखान्याला. कारखान्याचा बंब आला पाऊण तासानं, तोवर आम्ही पोरांनी पुढचा उभा ऊस कोयत्यानं तोडून पट्टा पाडला होता आणि शेजाऱ्यानं ट्रॅक्टर घालून दोन सऱ्या मोडल्या होत्या. आग थांबली ती त्या पट्ट्यावर. बंबानं नंतर धुमसतं विझवलं. ड्रायव्हर भला माणूस, उशीर झाला म्हणून त्यालाच वाईट वाटत होतं. जळका ऊस चार दिवसांत गाळपाला गेला नाही तर वजन घटतं, साखर उतरते, आणि वर कारखाना जळका ऊस म्हणून दरात कपात करतो. काजळी आठवडाभर गावातल्या वाळत घातलेल्या धुण्यावर पडत होती.

तवा मला सांगा, एकरी शंभर रुपये घेऊन कुणी गावात पंप बसवलेला टँकर उभा केला, तर मी दोन वर्षांचे एकदम देतो.

पुणेरी पाटी

आमच्या पुण्यात घरपट्टीच्या बिलात ‘अग्निशामक कर’ अशी वेगळी ओळच असते. सफाई कर, पथ कर वगैरेंच्या रांगेत. इतकी वर्षं भरतोय, आज पहिल्यांदा वाचली. म्हणजे सक्तीची फायर फी आम्ही केव्हाचीच देतोय, सभाबिभा न घेता.

मांडवी काठची

गोव्यात अग्निशमन दल राज्य सरकारचं, खेड्यालाही तेच. 101 फिरवायचा. इतकंच. विषय संपला.

सनदशीर

@शिरोळचा ऊसवाला, तुमच्या दुखण्याचं मूळ घटनेत आहे असं म्हणायला जागा आहे. बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कामांच्या यादीत, अग्निशमन स्पष्ट लिहिलेलं आहे. अकराव्या अनुसूचीत, पंचायतींच्या 29 विषयांच्या यादीत, मासेमारी आहे, खादी आहे, वाचनालयं आहेत, जत्रा-बाजार आहेत. अग्निशमन नाही. त्यामुळे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती घेणारी ग्रामपंचायत आगीचा पैसा घेत नाही आणि आगीचं उत्तरदायित्वही तिच्यावर येत नाही. 2023 मध्ये केंद्रानं राज्यांतल्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटींची योजना काढली, पण ती राज्यांना. राज्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून तुमच्या बांधापर्यंत ती केव्हा पोचेल, तुम्हीच सांगा.

शिरोळचा ऊसवाला

@सनदशीर, जत्रा आहे आणि आग नाही? बरं. म्हणजे जत्रेत आग लागली तर अर्धी जबाबदारी पंचायतीची.

इतिहासाचं पान

अवांतर: खासगी अग्निशमनाचा मूळपुरुष रोमचा क्रॅसस. घर जळू लागलं की आपलं पथक घेऊन जायचा, मालकाशी भाव करायचा, घर कवडीमोलानं घेतलं की मग विझवायचा.

संदर्भ कुठाय

@इतिहासाचं पान, हे अर्धसत्य सगळीकडे फिरतं. प्लुटार्क हा जुना ग्रीक चरित्रकार लिहितो की क्रॅसस जळणारी आणि शेजारची घरं स्वस्तात विकत घ्यायचा आणि त्याच्याकडे पाचशेवर गुलाम गवंडी-कारागीर होते. ते आग विझवायचे असं तिथे नाही, ते बांधायचे. विझवणं नंतरच्या लोकांनी जोडलं.

खरी गोष्टच जास्त कामाची आहे. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिननं 1736 मध्ये युनियन फायर कंपनी काढली. प्रत्येक सभासदानं आपल्या चामड्याच्या बादल्या आणि सामान बाहेर काढायच्या पिशव्या तयार ठेवायच्या. बैठकीला जो गैरहजर, त्याला दंड. आणि दंडाच्या त्या पैशातून शिड्या, आकडे असलं सामान घेत. म्हणजे तिथलं ‘फंडिंग’ आळशांच्या खिशातून झालं.

स्टुटगार्टची मावशी

अय्या, हे तर आमच्याकडच्यासारखंच! जर्मनीतही मोठी शहरं सोडली तर सगळी मदार फ्रायविलिगे फॉयरवेअरवर (स्वयंसेवी दलावर), दहा लाखांच्या आसपास स्वयंसेवक. आणि आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये पूर्वी नियम असा होता की ठरावीक वयाच्या पुरुषांनी दलात काम करायचं, नसेल करायचं तर वर्षाला कर भरायचा. बायरनमध्येही होता. मग एकानं विचारलं, बायकांना का नाही? 1994 मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं हा भेदभाव आहे म्हटलं, 1995 मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयानं कर रद्दच केला. कुणी सुचवेल की बायकांनाही लावा, तर तेही नको झालं, कर गेलाच.

आमच्या गावात आता वर्षातून एकदा दलाचा ‘फेस्ट’ असतो. केक माझ्याकडे असतो. शंकरपाळ्या एकदा ठेवल्या होत्या, चीफ त्यांना ‘कुरकुरीत चौकोन’ म्हणतो.

काजूची बी

मावशी, आमच्या वाडीत (राजापूर तालुका) हा जर्मन कायदा अजून चालू आहे आणि कुठल्या कोर्टानं रद्द केलेला नाही! दर फेब्रुवारीत वणव्याच्या आधी काजूच्या बागांभोवती जाळरेषा काढायची, पालापाचोळा ओढून पट्टा मोकळा करायचा. घरटी एक माणूस. मुंबईवरून कुणी आलं नाही तर गावकीत पैसे भरायचे. त्या पैशाचा चहा-वडापाव जे आलेत त्यांना. गेल्या वर्षी आलेले सात आणि वडापाव बावीस घरांचे. वडापावाला कमी नाही, माणसांना आहे.

पेजरवाला

@काजूची बी, हे तुमचं शेवटचं वाक्य मी आमच्या हॉलच्या भिंतीवर लावतो.

कारण खरं दुखणं तेच आहे. पेनसिल्व्हेनियात 1970 च्या दशकात तीन लाखांच्या आसपास स्वयंसेवक होते असं म्हणतात. 2018 च्या विधिमंडळ समितीच्या अहवालात तो आकडा 38 हजारांवर आला. देशात 1984 ला जवळपास नऊ लाख होते, ते पावणेसातवर आले, आणि याच काळात फोन तिप्पट झाले. रात्री आम्ही बारा जण येतो. दिवसा दुपारी दोनला? सगळे चाळीस मैलांवर नोकरीवर. परवा दुपारी गाडीत मी आणि 71 वर्षांचे एक ड्रायव्हर, बस. शेजारच्या तीन गावांची दलं येईपर्यंत आम्ही दोघं.

फी सक्तीची झाली तर पैसे येतील, दिवसपाळीला एक-दोन पगारी माणसं ठेवता येतील. पण मी बघितलंय की फी सुरू झाली की लोकांना वाटतं ‘आपण पैसे दिले, आता त्यांचं ते बघतील’, आणि कोंबडी घ्यायलाही येत नाहीत. कोंबडी घ्यायला आलेल्यांतूनच आम्हाला पुढची पोरं मिळत होती. मी स्वतः तसाच सापडलो.

मेलबर्नचा बंड्या

सक्तीवाल्यांनो, आमच्या व्हिक्टोरियाचं बघा. 2009 च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ वणव्यात 173 माणसं गेली. तोवर अग्निशमनाचा बराच पैसा घराच्या विम्यावरच्या अधिभारातून यायचा, म्हणजे जो विमा काढतो तोच भरतो, न काढणारा फुकट. चौकशी आयोगानं हे बदला म्हटलं. 2013 पासून प्रॉपर्टीवर लेव्ही (कर), कौन्सिलच्या म्हणजे नगरपालिकेच्या बिलात. एक ठरलेली रक्कम आणि त्यावर मालमत्तेच्या किमतीनुसार. सगळ्यांनी मान्य केलं.

मग 2025 च्या जुलैपासून तिचं नाव बदललं, व्याप्ती वाढवली, रक्कम वाढवली. शेतकरी आणि खुद्द स्वयंसेवक फायरफायटर बंब घेऊन मेलबर्नमध्ये मोर्चाला आले! जे फुकट आग विझवतात त्यांच्याच शेतावर आगीचा कर, अशी बोंब. दुष्काळही होता, मग शेतकऱ्यांपुरती वाढ त्या वर्षी थांबवली, आणि सक्रिय स्वयंसेवकांना एका जागेवर परतावा. टेनेसीकर, सभेत हे नक्की सांगा: दलात काम करणाऱ्याला फी माफ. नाहीतर आहेत तेही घरी बसतील.

मुक्तबाजारी

बघा. एकदा पाइप जोडला की किती प्यायचं ते सरकार ठरवतं. फी आज 110, दहा वर्षांनी कितीही.

हिशेबनीस

@मुक्तबाजारी, यात तुमच्याशी थोडा सहमत, थोडाच. टेनेसीकर, सभेत ‘सक्ती हवी की नको’ यावर बोलू नका, त्यावर बोलायला शंभर लोक असतील. हे विचारा: फी की कर? सपाट फी म्हणजे ट्रेलरमध्ये (स्वस्तातल्या फिरत्या घरात) पेन्शनवर राहणाऱ्या विधवेला आणि तळ्याकाठच्या बंगल्याला एकच आकडा. मालमत्तेवर कर लावला तर बंगला जास्त देईल, पण चर्चसारख्यांना मालमत्ता कर माफ असतो, ते काहीच देणार नाहीत. फी असली तर सहसा त्यांच्याकडूनही घेता येते, आणि आग चर्चलाही लागतेच. शिवाय सपाट फी आयकरात प्रॉपर्टी टॅक्स म्हणून वजा होत नाही. दोन्हीकडे कुणीतरी सुटतो. कुणाला सोडायचं ते तुमच्या काउंटीनं ठरवायचं, फक्त डोळे उघडे ठेवून.

खवट बदाम

एवढं सगळं वाचून माझ्या मनात एकच: त्या 71 वर्षांच्या ड्रायव्हरला कोण उचलतं?

पेजरवाला

मी. (आणि तो मला.)

बरं, टेनेसीकर, सभेआधी एक काम करा. चीफला फोन करून घर दाखवायला बोलवा. रस्त्यावरून घराचा नंबर दिसतो का? ओढा आहे म्हणालात, ड्राइव्हवेवर पूल असेल तर त्यावरून भरलेला टँकर जाईल का? बहुतेक ठिकाणी आनंदानं येतात, कॉफी ठेवा.

टेनेसीकर

उशिरा परत येतोय, माफ करा. सभा झाली, आणि त्याआधी पेजरवाला म्हणाले तसं चीफना घर दाखवलं. आधी तेच सांगतो.

साठीतले गृहस्थ, दिवसा शाळेची बस चालवतात. गाडी रस्त्यावरच उभी करून चालत आले. म्हणाले, तुझा नंबर मला सापडला नाही, बायकोला विचारून आलो. आमचा नंबर पत्रपेटीवर आहे, वेलीखाली. मग ओढ्यावरच्या पुलाशी गेलो. पूल म्हणजे दोन पाइप, वर माती आणि खडी. ते वाकून पाइपच्या तोंडाशी बघत बसले, बुटानं कड ढकलली तर ओंजळभर खडी ओढ्यात पडली. म्हणाले, टँकर भरलेला असला की तीसेक टनांचा असतो, याच्यावर मी आणणार नाही. पुढे दोन ओकच्या फांद्या खाली आलेल्या. त्यांनी हात वर करून एका फांदीला धरलं आणि लोंबकळून दाखवलं, साठीत! म्हणजे 110 भरले असते तरी बंब पुलाच्या अलीकडे उभा राहून साडेतीनशे फूट होज ओढत बसला असता. तत्त्वाचा प्रश्न तिथेच ओढ्यात गेला.

सभा हायस्कूलच्या जिममध्ये, खुर्च्या कमी पडल्या. आजोबा विरोधात बोलले आणि छान बोलले. मी नंतर उठलो, विम्याच्या क्लासचं सांगितलं, स्वयंसेवकांना माफीचं सांगितलं, आणि हिशेबनीसांचा फी की कर हा प्रश्न विचारला. त्यावर कमिशनरांमध्येच जुंपली. चर्चचे एक पाद्री उठून म्हणाले, आम्ही द्यायला तयार आहोत, आम्हाला कुणी विचारलंच नाही. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला, काउंटी वकिलाचं मत मागवलंय.

बाहेर आजोबांनी गाठलं. म्हणाले, माझं मत बदललेलं नाही, पण शनिवारी चेनसॉ घेऊन येतो, त्या फांद्या मी लावलेल्या झाडांच्या आहेत.

वर्गणी भरली. वीस डॉलर जास्त देऊन हिरवी चमकणारी नंबरपाटी घेतली, तीही दलच विकतं. पुलाला किती लागतील ते विचारायचं धाडस अजून केलं नाही.

भोचक भवानी

पावती दाखवा. नाव कसं लिहिलंय?

टेनेसीकर

‘मिस्टर अँड मिसेस टॅमबाय’. आम्ही तांबे.

शिरोळचा ऊसवाला

तांबेसाहेब, पुलाला पाइप टाकताना सिमेंटचे घ्या, पत्र्याचे नको. आणि पेजरवाले, तुमची ती रस्त्यावर उघडायची घडीची टाकी, ती कशाची असते, ताडपत्रीची का? आमच्या गावात ट्रॅक्टरचा टँकर आहे, पंपही आहे. टाकीच नाही.